कै. शिवकर बापूजी तळपदे

अलिबागेच्या पुळणीवर मुलें थर्माकोलचीं चिमुकलीं विमानें उडवितांना पाहिलीं, कीं आम्हांस खाडीपलीकडील तळपदेमास्तरांचें स्मरण होतें. १८६४ सालीं मुंबईंत जन्मलेले हे पाठारे प्रभु गृहस्थ कलाशाळेंत शिक्षक होते, ओढा वेदाध्ययनाकडे. १८९५ सालीं त्यांनीं चौपाटीवर बिनमाणसी विमान, म्हणजे प्रतिकृतीच, उडविली असें सांगतात. मुलांपुढें ही गोष्ट करतांना वडीलधाऱ्यांनीं ‘सांगतात’ हा शब्द गाळूं नये; कारण तत्कालीन भरंवशाचा पुरावा हातीं नाहीं. उलट अमेरिकेंत लँग्ली यांचें वाफेवर चालणारें बिनमाणसी विमान १८९६ च्या मे महिन्यांत पोटोमॅक नदीवर सुमारें ३,३०० फूट गेलें, त्याचें छायाचित्र टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेल यांनीं काढलेलें आहे.

तळपद्यांच्या नांवाशीं ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथही जोडतात. बंगलोरच्या विज्ञान संस्थेंतील पांच विद्वानांनीं १९७४ सालीं तो तपासला: रचना १९०४ पूर्वींची नव्हे, आणि त्यांतील विमानें उडणारीं नव्हेत. श्लोकांचें संस्कृतही अर्वाचीनच! संस्कृतावर आमचें प्रेम आहे, म्हणूनच हा निर्णय आम्हांस मानवतो.

तळपद्यांचें थोरपण त्यानें उणावत नाहीं. विमान हें सामान्यांस स्वप्नवत् होतें, तेव्हां या मास्तरांनीं त्याचा ध्यास घेतला, आणि ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ हें पुस्तक लिहिलें तें मराठींत.