माल आपल्या दारात, ग्राहक पुण्यात

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे नऊ वाजले असतील. आमच्या कळंबच्या वस्तीतल्या एक ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "जयभीम दादा," एवढेच बोलल्या आणि हातातला मोबाईल त्यांनी माझ्यापुढे धरला. खात्यातून ४ हजार रुपये वजा झाल्याचा संदेश त्यावर होता.

या ताईंकडे पिठाची गिरणी होती. मोठी, लोखंडी सांगाड्याची, चौघांशिवाय न हलणारी. दहा वर्षे त्यांनी त्या गिरणीवर घर चालवले. आता गुडघे साथ देत नव्हते आणि मुलीला लातूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. फीचा पहिला हप्ता भरायचा म्हणून गिरणी विकायला काढली. मुलीने फोटो काढून मोबाईलवर जाहिरात टाकली, ‘रविवारी संध्याकाळपर्यंत ज्याची बोली जास्त, त्याची गिरणी.’

गावातल्या एका गृहस्थांनी १४ हजार सांगितले. रविवारी दुपारी पुण्याहून एकाचा फोन आला. गिरणी पाहिली नाही, मोटार किती ताकदीची हेही विचारले नाही, आणि थेट १८ हजारांची बोली! ताईंनी लगेच गावातल्या गृहस्थांना नाही म्हणून कळवले. मग पुणेकर म्हणाला, "ताई, मी ड्युटीवर आहे. उद्या टेम्पो पाठवतो. थोडे पैसे आताच घ्या." त्याने क्यूआर कोड पाठवला आणि सांगितले, "हा स्कॅन करा, तुमचा पिन टाका, पैसे जमा होतील." ताईंनी पिन टाकला. पैसे आले नाहीत, गेले!

त्याच रात्री आम्ही १९३० या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली. सायबर फसवणुकीसाठी असलेला हा देशभरचा क्रमांक आहे. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवता यावेत म्हणून जितक्या लवकर फोन कराल तितके बरे. दुसऱ्या दिवशी बँकेत आणि पोलीस ठाण्यातही जाऊन आलो. ते ४ हजार अजून परत आलेले नाहीत. शिवाय गावातल्या गृहस्थांनी तोवर बार्शीहून दुसरी गिरणी आणली होती. म्हणजे ताईंचे पैसेही गेले आणि हातचा ग्राहकही गेला.

वाचक बंधू-भगिनींनो, यावरून कोणी म्हणेल की बाहेरगावच्या माणसाला काही विकूच नये. माझे मत तसे नाही. आपल्या गावात गिऱ्हाईक मोजके. गरज आपली आहे हे कळले की भाव पाडून मागतात. लांबचा ग्राहक बोलीत उतरला की वस्तूला चार पैसे जास्त येतात. तो आपल्याला हवाच आहे. मात्र पलंग, कपाट, गिरणी, कडबाकुट्टी अशा जड वस्तू पोस्टाने जात नाहीत. ज्याला हवी त्याने येऊन न्यावी लागते. म्हणून अशा व्यवहाराचे नियम विकणाऱ्याने आधी ठरवावे लागतात. आपण ठरवले नाहीत तर समोरचा ठरवतो.

कायदा काय सांगतो?

बी.कॉम.ला असताना व्यापारी कायद्याच्या पेपरात १९३० चा मालविक्री कायदा पाठ केला होता. तो परीक्षेनंतर विसरलो होतो, पण ताईंच्या निमित्ताने पुन्हा उघडला. फसवणुकीच्या फोनचा क्रमांक १९३० आणि कायद्याचे सालही १९३०, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपे.

कलम ३६ सांगते की वेगळे काही ठरले नसेल तर माल विक्रीच्या वेळी जिथे आहे तिथेच तो ताब्यात द्यायचा. म्हणजे गिरणी कळंबला असेल तर ती पुण्याला पोचवण्याची जबाबदारी ताईंची नाही. मात्र माल उचलून नेता येईल अशा स्थितीत आणण्याचा खर्च, वेगळे ठरले नसेल तर, विकणाऱ्याचा. पट्टा काढणे, पलंग सुटा करणे हे आपल्याकडे आले. कलम ३२ सांगते की माल देणे आणि पैसे देणे हातोहात व्हावे, आगेमागे नको. कलम ४४ प्रमाणे, विकणाऱ्याने माल न्यायला सांगूनही घेणाऱ्याने वाजवी मुदतीत नेला नाही, तर त्यामुळे होणारे नुकसान आणि माल सांभाळण्याचा वाजवी खर्च त्याच्याकडून मागता येतो.

सरकारसुद्धा याच रीतीने विकते. जुनी वाहने, भंगार, निकामी यंत्रे यांचा ऑनलाईन लिलाव एम.एस.टी.सी. ही १९६४ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची कंपनी करते. तिथली विक्री ‘जसा आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर असते. बोली लावण्यापूर्वी माल पाहून घ्या, अनामत भरा, पूर्ण रक्कम भरा, मग ठरलेल्या मुदतीत स्वखर्चाने उचला. मुदत टळली तर जागेचे भाडे द्या. लाखोंचा व्यवहार करणारे एवढी काळजी घेतात, तर आपल्या १४ हजारांच्या गिरणीसाठी आपण का घेऊ नये?

जाहिरातीतच सगळे लिहा

पहिली ओळ वस्तूची आणि दुसरी ठिकाणाची. नुसते ‘कळंब’ लिहू नका. यवतमाळ जिल्ह्यातही कळंब तालुका आहे आणि पुणे जिल्ह्यात त्या नावाचे गाव आहे. ‘कळंब, जि. धाराशिव’ असे पूर्ण लिहा. त्याखाली ठळक लिहा: ‘वस्तू येथे येऊन, पाहून, स्वतःच्या वाहनाने न्यावी लागेल. पाठवली जाणार नाही.’

वस्तूतले दोष लपवू नका. गिरणीच्या दगडाला टाकी लावायची झाली असेल तर तसे सांगा. मोटार सिंगल फेजवर चालते की थ्री फेजवर, चढवायला किती माणसे लागतील, दारापर्यंत टेम्पो येतो का, हे सांगा. दीडदोनशे किलोमीटर येऊन माणसाला दोष दिसला तर तो भाव पाडणार किंवा रिकामा परत जाणार. दोघांचाही दिवस वाया जातो.

बोलीची शेवटची वेळ आणि वस्तू उचलण्याचा शेवटचा दिवस, दोन्ही लिहा. लिलावात हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, असे याच कायद्याचे कलम ६४ सांगते. मोबाईलवर हातोडा नसतो. म्हणून ‘तुमची बोली मान्य’ हा आपला संदेश हाच हातोडा समजावा आणि तो विसार हातात आल्यावरच पाठवावा.

विसार आणि दुसरा बोलीदार

विसार ही आपल्या बाजारातली जुनी रीत. बैल ठरला की विसार द्यायचा, मग शब्द पक्का. मोबाईलच्या व्यवहारातही हजार-पाचशे विसार मागावा. ठरल्या दिवशी तो आला नाही तर विसाराचे काय, हे आधीच लेखी कळवावे. खरा ग्राहक विसाराला कुरकुर करील, पण प्रश्न विचारील, चालू गिरणीचा व्हिडिओ मागेल, जवळचा पाहुणा बघायला पाठवील. खोटा ग्राहक वस्तूबद्दल काही विचारत नाही, फक्त घाई करतो. कोणी आपण लष्करात आहोत असे सांगून विश्वास मिळवतो, कोणी आधी टेम्पोचे भाडे भरायला सांगतो.

आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला कधीही नाही म्हणू नका. "चार दिवस थांबा, कळवते," एवढेच म्हणा. ताईंची खरी चूक इथे झाली.

पैसे घेताना

घरातल्या प्रत्येकाने पाठ करावे असे एक वाक्य आहे: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. कोणी कितीही गोड बोलला तरी पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करू नका. त्याने दाखवलेला स्क्रीनशॉट किंवा आलेला एसएमएस हा पुरावा नव्हे. आपल्या खात्यातली शिल्लक आपण पाहायची. "चुकून जास्त गेले, परत पाठवा," म्हणाला तरी आधी शिल्लक बघा.

माल न्यायला माणूस येणार असेल तर दिवसाउजेडी बोलवा. घरात बाईमाणूस एकटे नको, शेजारचे दोघे बसवून घ्या. आधार कार्डाची प्रत कोणाला पाठवू नका. साधी पावती दोन प्रतींत करा: वस्तू, रक्कम, तारीख, ‘चालवून, पाहून घेतली’ आणि दोघांच्या सह्या.

मोटारसायकल विकत असाल तर पावती पुरत नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून मालकी बदलून घ्यावी लागते. गाडी राज्यातच विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. गाडी लांब गेली आणि तिकडे अपघात झाला, तर भरपाईची नोटीस तुमच्या दारी येईल.

दुसऱ्यांदा

ताई आठ दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. "दादा, मला शिक्षण नाही म्हणून फसले," म्हणाल्या. मी त्यांना सांगितले, "ताई, शिकलेले साहेबलोकही असेच फसतात. यात शिक्षणापेक्षा घाई जास्त नडते." मग मुलीने वरच्या सगळ्या अटी लिहून पुन्हा जाहिरात टाकली.

या वेळी फोन आला तो पिंपरी-चिंचवडहून. भूम तालुक्यातले नवराबायको, कंपनी सोडून गावी गिरणी टाकायच्या विचारात होते. त्यांनी गिरणीचा व्हिडिओ मागितला, दगडाचे विचारले, वाशीहून मेहुण्याला बघायला पाठवले. मेहुण्याने हजार रुपये विसार दिला. ठरल्या दिवशी ते बार्शी, येरमाळा मार्गे ‘छोटा हत्ती’ घेऊन आले. ताईंनी किलोभर ज्वारी दळून दाखवली. बाईंनी पीठ बोटांत चोळून पाहिले आणि मान हलवली. व्यवहार १५,५०० ला झाला. बाकीची रक्कम खात्यात दिसल्यावर मगच वस्तीतल्या चार पोरांनी गिरणी उचलली. ताईंनी दळलेले पीठही त्यांच्या सोबत बांधून दिले.

फीचा हप्ता भरला गेला. मुलगी लातूरला आहे. आणि आता वस्तीत कोणी काही विकायला काढले की ताई आधी जाऊन विचारतात, "विसार घेतला का?"