मेला तो मेला: जपानी डावपेचांचे गेम

मी लखनौच्या मानक नगरमधून बोलतोय. आरडीएसओची रेल्वे कॉलनी, घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि माझ्या स्क्रीनवर बहुतेक वेळा जपानी गेम. 'टॅक्टिकल आरपीजी' म्हणजे नक्की काय, असं बरेच जण विचारतात. आज तेच.

बुद्धिबळ येत असेल तर अर्धं काम झालं. चौकोनांचा पट, आळीपाळीने चाली. फरक असा, की बुद्धिबळातलं प्यादं मेलं की डबीत जातं आणि पुढच्या डावात परत उभं राहतं. इथे प्रत्येक प्याद्याला नाव आहे, घर आहे, कुणाशी तरी भांडण आहे. 1990 साली फॅमिकॉमवर पहिला 'फायर एम्ब्लेम' आला. शोझो कागा यांच्या त्या गेमचा नियम होता, मेला तो मेला. तुमच्या चुकीच्या चालीने तिरंदाज गेला, तर उरलेला सगळा गेम त्याच्याशिवाय.

जपानी बुद्धिबळाला शोगी म्हणतात. त्यात मारलेली सोंगटी आपल्या बाजूने पटावर उतरवता येते. या गेममध्येही शत्रूचा माणूस बोलून, समजावून आपल्याकडे वळवता येतो. मला हे फार आवडतं. समोरचा फक्त मारायचा नसतो.

आता माझा लाडका. 'टॅक्टिक्स ओग्र', 1995, सुपर फॅमिकॉम. दिग्दर्शक यासुमी मात्सुनो. युगोस्लाव्हियातल्या यादवीची छाया त्यावर आहे. व्हालेरिया नावाची बेटं, तिथे एकमेकांच्या जिवावर उठलेले समाज. डेनाम हा तुमचा नायक, वालिस्टर समाजाचा. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी हुकूम येतो: बाल्मामुसातल्या आपल्याच लोकांना कापा, म्हणजे आळ गार्गास्तानी लोकांवर येईल आणि आपला समाज पेटून उठेल.

हो म्हणा किंवा नाही. आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच ती. तुम्ही नाही म्हणालात तरी कत्तल होतेच. वर आळ तुमच्यावर येतो आणि तुम्ही फरार. आणि तुमचा जिवलग मित्र व्हाइस? तुम्ही हो म्हणालात तर तो विरोधात जातो, नाही म्हणालात तर तोच हुकूम पाळतो. 'चांगला पर्याय निवडा, बक्षीस घ्या' असा हिशोबच नाही. अशा गेममध्ये नैतिक प्रश्न कसा विचारावा, याचं याहून चांगलं उदाहरण मी खेळलेलं नाही.

मग वाद येतो तो 'मागे फिरवण्याचा'. नव्या 'टॅक्टिक्स ओग्र'मध्ये पन्नास पावलांपर्यंत डाव मागे नेता येतो. 'फायर एम्ब्लेम'मध्ये 2010 पासून 'कॅज्युअल' प्रकार आहे, त्यात पडलेला माणूस पुढच्या लढाईत हजर. जुने खेळाडू नाक मुरडतात. माझं मत वेगळं आहे. पूर्वी आम्ही काय करत होतो? कुणी मेलं की मशीन बंद करून परत चालू! दोन तासांची लढाई पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर ड्यूटी करून रात्री तासभर खेळणाऱ्याने तो तास अशा शिक्षेत का घालवावा? लढाईतली चाल खुशाल मागे घ्या. बाल्मामुसाचा निर्णय मात्र जुना सेव्ह उघडून बदलू नका. पहिल्या खेपेला तरी जे दिलंत ते उत्तर घेऊन पुढे जा.

2022 च्या 'रीबॉर्न' आवृत्तीत मात्र एक गोष्ट खटकते. सैनिकांच्या लेव्हलवर कमाल मर्यादा आहे, कथा पुढे सरकल्यावरच ती वाढते. मानक नगरात राहून मर्यादेला नावं ठेवणं शोभत नाही, इथे तर रेल्वेची मानकं ठरतात! पण काही लढाया अडतात तेव्हा सराव करून बळ वाढवायची वाट बंद असते, आणि नवखा माणूस तिथेच गेम सोडतो.

याच्या अगदी उलट 'डिसगाया', 2003 चा. तिथे लेव्हल 9999 पर्यंत. विनोदी आहे, हलका आहे, पण मला शंभर तासांनंतर आकड्यांचा कंटाळा येतो.

सुरुवात करायची असेल तर 'रीबॉर्न' पीसीवरही मिळतो. सेलमध्ये घ्या, घाई नाही. पहिल्या दोन लढाया नुसत्या उंचीकडे लक्ष देऊन खेळा. तिरंदाज छपरावर चढवला की बाण लांब जातो. बाकीचं गेम शिकवेल.