स्वमग्न मुलाचे संगोपन : आधी संवाद, मग बोलणे

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हे मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपण असून त्यामुळे मुलाचा इतरांशी होणारा संवाद, त्याचे खेळ आणि आवाज, स्पर्श, उजेड यांना मिळणारा त्याचा प्रतिसाद हे सारे निराळे असते. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये अमेरिकेत तिचे सविस्तर वर्णन केले. पुढे सुमारे दोन दशके आईच्या मायेतील कोरडेपणा हेच तिचे कारण मानले जात होते आणि स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये ही समजूत खोडून काढली. तरीही नोकरी करणाऱ्या आईला हा दोष आजही ऐकावा लागतो, आणि तिचा निम्मा धीर तेथेच खचतो.

दीड वर्षाचे मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल किंवा आलेले शब्द गमावत असेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ या शेजाऱ्यांच्या दिलाशावर विसंबून न राहता श्रवणचाचणी करून घ्यावी आणि विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राला भेट द्यावी. निदान पक्के होईपर्यंतही मदत सुरू करता येते, कारण ती घरातच सुरू व्हायची असते.

या मदतीचा गाभा संवाद हा आहे. पालकांची सारी शक्ती मूल कधी बोलेल या प्रतीक्षेत खर्च होते. वास्तविक मागणे, नाकारणे आणि दुखते आहे हे सांगणे या गोष्टी चित्रांनी किंवा खुणांनीही साधतात आणि त्यामुळे बोलणे मागे पडत नाही, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत विकसित झालेल्या चित्रविनिमय पद्धतीत आरंभी दोन मोठी माणसे लागतात: एकजण मुलाच्या आवडीचा खाऊ समोर धरतो, दुसरा मागे बसून मुलाचा हात धरून त्याला खाऊचे चित्र पहिल्याच्या हाती द्यायला लावतो आणि चित्र मिळताच खाऊ दिला जातो. मागचा हात हळूहळू काढून घेतला जातो. येथे मागणी मुलाकडून निघते, प्रश्न विचारून ती काढून घ्यावी लागत नाही, हे या पद्धतीचे खरे बळ आहे. घरात मराठी असताना केवळ शाळेसाठी इंग्रजीतच बोलण्याचा सल्ला मात्र बाजूला ठेवावा. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचा भाषाविकास खुंटतो असे आढळलेले नाही, उलट त्या सल्ल्यापायी मूल आजीच्या गप्पांना मुकते.

कुकरच्या शिट्टीने किंवा ढोलताशांनी कान झाकून आक्रोश करणारे मूल हट्टी नसते, त्याला तो आवाज खरोखरच सोसवत नाही. अशा वेळी समजावणे व्यर्थ असते. शांत जागा द्यावी आणि प्रसंगाआधी काय घडले याची नोंद ठेवावी, म्हणजे कारण सापडते. काही मुले नजर चुकवून घराबाहेर पडतात आणि अनेकांना पाण्याची ओढ असते, म्हणून दाराची कडी उंचावर असावी आणि पोहणे लवकर शिकवावे.

स्वमग्नता ‘बरी करणारे’ औषध नाही. मूलपेशी उपचार, शरीरातील धातू काढण्याची इंजेक्शने यांवर कर्ज काढून खर्च करणे म्हणजे पैसा आणि मूल दोन्ही धोक्यात घालणे होय.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश असल्याने दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविम्याचे संरक्षण आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. त्यानंतरही कोणी निर्णय घेणे आवश्यक असेल, तर राष्ट्रीय न्यास कायद्याखालीलच जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो.