पाटी एकाची, गल्ला दुसऱ्याचा

जून २०१७ च्या अखेरीस दिल्लीकरांना एक अजब दृश्य पाहायला मिळाले. शहरातील मॅकडोनाल्डच्या ५५ पैकी ४३ उपाहारगृहांची दारे बंद झाली. गिऱ्हाईक घटले नव्हते, की अन्नातून कोणाला बाधाही झाली नव्हती. उपाहारगृहासाठी लागणाऱ्या परवान्यांचे नूतनीकरण वेळेत झाले नव्हते, एवढेच कारण होते. मात्र त्याच्या मागे चार वर्षे धुमसत असलेले मालकांचे भांडण होते. सुमारे १,७०० कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या त्यामुळे टांगणीला लागल्या.

उपाहारगृहांच्या साखळीपुढील धोके म्हटले की भाडे, महागाई, स्पर्धा आणि बदलती आवडनिवड या गोष्टी चटकन आठवतात. त्या खऱ्याच आहेत. पण फ्रँचायझी पद्धतीने चालणाऱ्या साखळीचा सर्वांत मोठा धोका बहुधा स्वयंपाकघरात नसतो. तो करारनाम्यात असतो. उत्तर भारतातील मॅकडोनाल्डची कहाणी त्याचे ठळक उदाहरण आहे.

या व्यवसायाची रचना मुळातच दुभंगलेली असते. दारावरच्या पाटीची, पाककृतीची आणि नाममुद्रेची मालकी एका कंपनीकडे असते. जागा, भट्ट्या, नोकरवर्ग आणि कर्ज हे सारे दुसऱ्याच्या डोक्यावर असते. पाटी वापरण्याबद्दल दुसरा पहिल्याला रॉयल्टी देतो. यातली मेख अशी की, ही रॉयल्टी बहुतेक वेळा नफ्यावर नव्हे, तर विक्रीवर आकारली जाते. महिन्याकाठी दुकान तोट्यात गेले, तरी पाटीच्या मालकाचा वाटा ठरलेला. साहजिकच विक्री वाढवण्यात एकाला जेवढा रस असतो, तेवढाच खर्च आवरण्यात दुसऱ्याला असतो. सारे सुरळीत असताना हा फरक कोणाला जाणवत नाही.

मॅकडोनाल्डने भारतात पाऊल ठेवताना दोन भागीदार निवडले. पश्चिम आणि दक्षिण भारतासाठी मुंबईच्या अमित जटिया यांची हार्डकॅसल रेस्टॉरंट्स, तर उत्तर आणि पूर्वेसाठी दिल्लीच्या विक्रम बक्षी यांच्याबरोबर कनॉट प्लाझा रेस्टॉरंट्स. दोन्हीकडे भागीदारी निम्मी-निम्मी होती. ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीत वसंत विहारला आणि त्याच महिन्यात मुंबईत वांद्र्याला पहिली दुकाने उघडली.

निम्मी भागीदारी कागदावर फार समन्यायी दिसते. प्रत्यक्षात मतभेद झाले की निर्णायक मत कोणाचेच नसते. शिवाय दिल्लीत अमेरिकी कंपनीच्या अंगावर एकाच वेळी तीन झगे होते. ती निम्म्या समभागांची मालक होती, रॉयल्टी घेऊन परवाना देणारी होती आणि दर्जाचे निकष ठरवणारी परीक्षकही होती. बक्षी यांचा हिस्सा विकत घेण्याचा प्रयत्न तिने केला. किमतीवर एकमत झाले नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये बक्षी यांची व्यवस्थापकीय संचालकपदी फेरनिवड झाली नाही आणि प्रकरण कंपनी लॉ बोर्डाकडे गेले. मॅकडोनाल्डने लंडनच्या लवादाचे दार ठोठावले. जुलै २०१७ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने बक्षी यांना पुन्हा पदावर बसवले. ऑगस्टमध्ये मॅकडोनाल्डने थेट फ्रँचायझी करारच रद्द केला. रॉयल्टी थकल्याचे कारण देत १६९ उपाहारगृहांनी पंधरा दिवसांत नाव, चिन्ह आणि पाककृती वापरणे थांबवावे, असे बजावले. सप्टेंबरमध्ये लवादाचा निर्णय मॅकडोनाल्डच्या बाजूने लागला, आणि तरीही दुकाने सुरूच राहिली!

बर्गर विकण्यासाठी बर्गर लागतो, आणि तो पुरवणाऱ्यालाही धंदा करायचा असतो. करार रद्द झालेल्या, मालकी वादात असलेल्या कंपनीला उधारीवर माल देण्याचे धाडस पुरवठादार किती काळ करणार? डिसेंबर २०१७ मध्ये मालाची वाहतूक आणि साठवण सांभाळणाऱ्या कंपनीने काम थांबवले आणि उत्तर व पूर्व भारतातील सुमारे ८० दुकाने त्या काळात बंद पडली. न्यायालयाच्या आदेशांनी जे साधले नव्हते, ते एका गोदामाने काही दिवसांत करून दाखवले. साखळी उपाहारगृहे दर्जा सारखा राहावा म्हणून मोजक्याच पुरवठादारांवर अवलंबून असतात. तीच त्यांची ताकद, आणि पेचप्रसंगात तीच त्यांची मान.

अखेर मे २०१९ मध्ये तडजोड झाली. बक्षी यांचा हिस्सा मॅकडोनाल्डने घेतला, सारी दुकाने तपासणीसाठी काही दिवस बंद ठेवून पुन्हा उघडली आणि २०२० मध्ये संजीव अगरवाल हे नवे भागीदार आले. सहा वर्षे मात्र गेली ती गेलीच. स्पर्धक नव्या चौकांत, नव्या मॉलमध्ये जागा धरत असताना कनॉट प्लाझाचे व्यवस्थापन वकिलांच्या कचेऱ्यांत अडकले होते.

मग मुंबईत हे का घडले नाही? व्यक्तींच्या स्वभावाइतकेच उत्तर कराराच्या स्वरूपातही आहे. पश्चिम-दक्षिणेत मॅकडोनाल्डने आपला निम्मा हिस्सा जटिया यांना विकून टाकला आणि ती कंपनी निव्वळ परवाना घेऊन चालवणारी झाली. भांडवल तिचे, तोटाही तिचा, अमेरिकेला रॉयल्टी. संचालक मंडळात समसमान भांडायला दुसरा कोणी उरला नाही. आज तिची पालक कंपनी वेस्टलाइफ फूडवर्ल्ड शेअर बाजारात नोंदलेली आहे, म्हणजे या जोखमीत सामान्य भागधारकही सामील आहे.

आणि जोखीम उरतेच. पाटी सामाईक असली की बदनामीही सामाईक होते. २००१ मध्ये अमेरिकेतील फ्रेंच फ्राइजमध्ये गोमांसापासून मिळवलेला स्वाद वापरल्याचे उघड झाले, तेव्हा भारतातील फ्राइजशी त्याचा संबंध नसल्याचे कंपनी सांगत असतानाही मुंबई परिसरातील दुकानाची मोडतोड झाली. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो भडकले तेव्हा उत्तरेतील दुकानांनी ते बर्गरमधून काढले, आणि बातमी देशभर ‘मॅकडोनाल्ड’चीच झाली. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) येथील शाखेत चीजऐवजी चीजसदृश पदार्थ वापरल्याचा ठपका ठेवून तिचा परवाना निलंबित केला. आपण अस्सल चीजच वापरतो, असे कंपनीने ठामपणे सांगितले. पण राज्यातील काही पदार्थांच्या नावांतून ‘चीज’ हा शब्द काढावा लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही बातमी पसरताच वेस्टलाइफचा समभाग घसरला. एका जिल्ह्याच्या गावातील एका शाखेची तपासणी, आणि फटका साऱ्या साखळीला!

या बड्या कंपन्यांकडे निदान वकिलांची फौज असते. चहा, वडापाव किंवा पिझ्झाची फ्रँचायझी बचतीच्या पैशातून घेणाऱ्या पुण्या-नाशिकच्या तरुणाकडे ती नसते. छापील करारातली एक बाब त्याच्याकडून हमखास निसटते. दुकानाचा भाडेकरार त्याच्या स्वतःच्या नावावर असतो आणि तो फ्रँचायझीच्या करारापेक्षा लांब मुदतीचा असू शकतो. उद्या पाटी उतरली, तरी जागेचे भाडे, यंत्रांचे हप्ते आणि पूर्वीच भरलेले प्रवेशशुल्क त्याच्याच खात्यात राहते. आणि त्याच जागेत तसाच पदार्थ दुसऱ्या नावाने विकायला करारातले दुसरे कलम अनेकदा ठराविक काळासाठी मनाई करते.