कर्ज, आई आणि वयात येणारी मुलं

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा शेतकरी कर्जात बुडाला. व्याजदर चढले, धान्याचे भाव पडले, जमिनीची किंमत काही वर्षांत निम्म्याहून खाली आली. अशा घरांतल्या वयात येणाऱ्या मुलांचं काय होत असेल, याचा शोध रँड काँगर आणि ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञांनी घेतला.

१९८९मध्ये त्यांनी सातवीतलं मूल असलेली ४५१ ग्रामीण कुटुंबं निवडली. घरोघरी जाऊन मुलाखती घेतल्या, आईवडील मुलांशी कसं बोलतात याचं चित्रीकरण केलं. त्यातून दिसलं ते असं, की पैशाची चणचण आधी आईवडिलांना खचवते. मग दोघांत खटके उडतात आणि चिडचिड मुलांवर निघते: ओरडणं, टोमणे, नाहीतर लक्षच नसणं. अशा घरांतली मुलं अधिक उदास होती. जिथं ओढाताणीतही माया आणि शिस्त दोन्ही टिकली, तिथली मुलं बरीच सावरलेली होती.

म्हणजे पोरगं बिघडलं की ‘आईनं वळण लावलं नाही’ म्हणणं अर्धवट आहे. आईवर काय ओझं आहे, तेही पाहायला हवं.

ते ओझं पेलायला मदत मिळाली तर फरक पडतो. जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण भागात संशोधक जीन ब्रॉडी यांच्या चमूनं गरीब कृष्णवर्णीय आया आणि त्यांची अकरा वर्षांची मुलं यांच्यासाठी सात आठवड्यांचा वर्ग चालवला. आधी आया वेगळ्या, मुलं वेगळी. मग सगळे एकत्र. प्रेमानं बोलणं, नियम ठरवणं, मन मोकळं करणं, एवढाच अभ्यासक्रम. ही मुलं एकोणीस वर्षांची झाली तेव्हा, वर्गाला न गेलेल्या मुलांपेक्षा त्यांच्या रक्तात ताणाशी जोडलेल्या दाहाच्या खुणा कमी आढळल्या.

आपल्याकडेही असं ओझं दिसतं. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. मुलं आजीकडे राहतात किंवा फडावर येतात. पहाटेपासून ऊस तोडणाऱ्या आईकडे लेकीशी निवांत बोलायला वेळ कुठून येणार?

गावातल्या आशाताई, शिक्षक आणि बचत गटांनी मुलांइतकीच आयांचीही विचारपूस करावी. मुलाची झोप उडाली, ते गप्प झालं किंवा शाळा टाळू लागलं, तर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. आईचं स्वतःचं मन खचलं असेल, तर तिनंही करावा.