आवाजाखालची माणसं

पुण्याजवळच्या लोहगावचा हवाई तळ इंग्रजांनी 1939 मध्ये मुंबईच्या रक्षणासाठी उभारला. सुखोई-30 एमकेआय वायुसेनेत दाखल झालं ते 2002 मध्ये, याच तळावर. तांत्रिक कामात आयुष्य घालवल्यावर शेवटची वर्षं मी ग्राउंड सेफ्टी पाहिली. खाली लिहितोय तो एखाद्या विशिष्ट तारखेचा नव्हे, उन्हाळ्यातल्या उड्डाणाचा नेहमीचा दिवस आहे.

पहाटे 5.30

टारमॅकवर माणसं एका आडव्या रांगेत, हातभर अंतर ठेवून, माना खाली घालून चालतात. हा ‘फॉड वॉक’. इंजिनात किंवा चाकाखाली जाऊ शकेल अशी कोणतीही भटकी वस्तू म्हणजे फॉड: खडा, वॉशर, लॉकिंग वायरचा तुकडा, पेनाचं टोपण. सुखोई जमिनीवर असताना त्याच्या इंजिनांपुढे आत एक जाळी उभी राहते, पण टायरला जाळी नसते. 25 जुलै 2000 रोजी पॅरिसजवळ कॉन्कॉर्डचा टायर धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या पट्टीने फाटला, त्याचा तुकडा उडून इंधनटाकीवर आदळला आणि 113 माणसं गेली. ती पट्टी दुसऱ्याच विमानातून गळली होती. लोहगावची धावपट्टी लष्करी आणि प्रवासी विमानं मिळून वापरतात, त्यामुळे आपण उचललेला खडा कोणाच्या चाकाखाली जाणार होता, ते कधीच कळत नाही.

6.15

ब्रीफिंग. हवामान, वारा, पक्षी. विमानतळाच्या 10 किलोमीटर परिसरात उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला कायद्याने मनाई आहे. शहर मात्र तळाला चहूबाजूंनी येऊन भिडलंय आणि घारींना कायदा वाचता येत नाही. गवताचंही गणित आहे. ते फार वाढलं तर त्यात उंदीर होतात आणि उंदरांमागून शिकारी पक्षी येतात. फार खुरटं ठेवलं तर किडे उघडे पडतात आणि टिटव्या जमतात. म्हणून गवत कापणारी टोळीही उड्डाण-सुरक्षेचा भाग आहे. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

7.30

उड्डाणाची पहिली फेरी निघायच्या आत आरोग्य केंद्रात कानांची तपासणी. आज फक्त काल सुट्टीवर असलेल्यांनाच बोलावलंय. इंजिनांजवळून थेट आलेल्या माणसाचा कान थकलेला असतो आणि थकलेल्या कानाचा आलेख खोटा येतो. निदान चौदा तास शांतता मिळालेली हवी.

आवाजाने होणारं नुकसान आधी 4000 हर्ट्झच्या आसपास दिसतं. आलेखात तिथे एक खाच पडते. माणसाला काहीच जाणवत नाही, कारण बोलण्यातले स्वर त्याच्या खालच्या पट्टीत असतात आणि ते नीट ऐकू येतात. मग हळूहळू ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज गळू लागतात. रेडिओवर ‘साठ’ म्हटलेलं ‘आठ’ ऐकू येतं. विमानं उभी असतात त्या फ्लाइट लाइनवर एवढा फरक महाग पडू शकतो. कानातल्या त्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, त्यावर औषध नाही.

विमान पडलं की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. तुकडा न् तुकडा गोळा होतो, लॉगबुकं सील होतात. तशी ती बसायलाच हवी. पण एखाद्या सार्जंटचा कान वीस वर्षांत थेंबाथेंबाने गेला, तर त्याची चौकशी कोणी करायची? त्या अपघाताला तारीख नसते, ठिकाण नसतं. म्हणून हा आलेख हीच त्याची चौकशी, आणि ती माणूस नोकरीत असतानाच व्हायला हवी. निवृत्तीनंतर घरात टीव्हीचा आवाज मोठा ठेवण्यावरून वाद सुरू होतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

8.40

पहिली जोडी सुरू होते. इजेक्शन सीटच्या सुरक्षा-पिनांची मोजणी होते, लाल फिती हातात उंच धरून वैमानिकाला दाखवल्या जातात. मग कानांवर हात ठेवूनही छातीत जाणवेल असा आवाज. रीहीट, म्हणजे झोतात जादा इंधन जाळणं, सुरू झाल्यावर जवळ उभं राहणाऱ्याला 140 डेसिबलच्याही पुढचा आवाज सोसावा लागतो.

आपल्याकडच्या कारखाना नियमांचा रूढ तक्ता 90 डेसिबलला आठ तास देतो आणि 115 ला पाव तास. त्यापुढे क्षणभरही नाही. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस याहून कडक: 85 ला आठ तास, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशोबाने 115 ला जेमतेम 28 सेकंद मिळतात. मी दुसरा तक्ता धरून चालायचो. कान कोणत्या देशाचा आहे ते आवाज पाहत नाही.

इथे कान झाकणारे नुसते मफ पुरत नाहीत. कानाच्या आत प्लग, वर मफ. नवी पोरं दोन्हींच्या क्षमतेची बेरीज करतात. ती चूक आहे. दोन्ही मिळून, जे चांगलं असेल त्याच्यावर फार तर पाचेक डेसिबलची भर पडते, कारण उरलेला आवाज कवटीच्या हाडांतूनच आत शिरतो. त्यामुळे खरा उपाय म्हणजे अंतर आणि वेळ. ज्याचं काम नाही त्याने तिथे उभंच राहायचं नाही.

टॅक्सी ट्रॅकच्या पलीकडे गवत कापणारी टोळी. बायकांनी पदर कानांवरून घट्ट बांधलाय आणि त्यावर आम्ही दिलेले मफ. कापडामुळे मफची कड बसत नाही आणि फटीतून सगळा आवाज आत जातो.

“ताई, पदर कानामागं घ्या आणि मग हे लावा.”

“मंग मुकादमाची हाक ऐकू येत न्हाई, साहेब. त्यो वरडतो.”

तिचं म्हणणं रास्त होतं. मुकादमाला हिरवं आणि लाल अशी दोन निशाणं दिली, हाक बंद केली. पाच मिनिटांत सगळ्यांचे मफ नीट बसले.

11.15

साठवण टाकीच्या सफाईचं परमिट. दिवसातला सगळ्यात जास्त वेळ मी इथे देतो.

टाकी रिकामी केलेली, हवा खेळती केलेली, पाइपांना तोंड बंद करणारे ब्लँक बसवलेले. वायू मोजणारा मीटर वर, मध्ये आणि तळाशी असा तीन ठिकाणी सोडायचा, कारण विमानाच्या इंधनाची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचून राहते. प्राणवायू 19.5 टक्क्यांच्या खाली नको. ज्वलनशील वाफ स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या 10 टक्क्यांहून कमी हवी. हा दुसरा आकडा पाहून बरेच जण सही करतात. केरोसीन जातीच्या या इंधनाची ती मर्यादा हवेत साधारण 0.7 टक्के, म्हणजे दहा लाखांत सात हजार भाग. तिचा दहावा हिस्सा सातशे भाग. एवढ्या वाफेत भडका उडणार नाही, पण माणसाला चक्कर येऊ शकते. आग लागणार नाही आणि श्वास घेता येईल, या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. म्हणून सफाई करणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा, कमरेला पट्टा, दोर, आणि टाकीच्या तोंडाशी एक माणूस.

त्या तोंडाशी बसलेल्या माणसाला मी दर वेळी एकच गोष्ट म्हणून दाखवायला लावतो: “आतला पडला तरी मी आत जाणार नाही. दोर ओढीन, हाक देईन.” बंदिस्त जागेत मेलेल्यांत निम्म्याहून अधिक जण वाचवायला गेलेले होते, असं नायॉशने 1986 मध्येच नोंदवलंय. आपल्याकडे गटार साफ करताना एकामागोमाग जाणारे तीन-तीन जीव त्याच रीतीने जातात. भाऊ आत कोसळलेला दिसत असताना बाहेर थांबणं सोपं नाही. म्हणूनच ते आधीच बोलून, दोर हातात घेऊन ठरवावं लागतं.

1.30

ऊन. नुसत्या तापमानावर विसंबत नाही. ओल्या फडक्याच्या तापमानाला सात भाग, काळ्या गोळ्याच्या तापमानाला दोन आणि साध्या हवेला एक असा मेळ घालून आकडा काढतो. काँक्रीट खालून भाजतं, कॉकपिटमध्ये वारा नसतो. पाळ्या आखूड करायच्या, पाणी मागायची वाट न बघता हातात द्यायचं.

3.00

रंगकाम. हिरवट-पिवळ्या प्रायमरमध्ये क्रोमेट असतं. सहा-संयुजी क्रोमियम फुप्फुसाच्या कर्करोगाचं सिद्ध कारण आहे. वरच्या पॉलियुरेथेन रंगातल्या आयसोसायनेटने एकदा दमा जडला की पुढे त्याचा वासही सोसवत नाही. इथे तीन गोष्टींवर मी अडून बसतो. जुना रंग कोरडा घासायचा नाही. चहा रंगशाळेच्या आत आणायचा नाही. ओव्हरऑल घरी धुवायला न्यायचा नाही, कारण तो झटकताना धूळ घरातल्या बाईच्या छातीत जाते.

आणखी एक बाब फारशी कोणी बोलत नाही. टोल्युइन, झायलिनसारखी थिनरमधली द्रावकं कानांनाही मारतात आणि आवाजाबरोबर आली तर जास्तच मारतात. त्यामुळे सकाळी फ्लाइट लाइनवर आणि दुपारी रंगशाळेत अशी ड्युटी एकाच माणसाला लावू नये, असं मी रोस्टर करणाऱ्याला लेखी देतो.

5.15

अवजारांची मोजणी. प्रत्येक पान्याची आकृती फळीवर रंगवलेली असते, मोकळी आकृती दिसली की विमान जागचं हलत नाही. मग ‘थोडक्यात वाचलो’ची नोंदवही. आज दोन नोंदी: शिडीचं ब्रेक न लागणारं चाक, आणि नुकत्याच उतरलेल्या विमानाच्या तापलेल्या चाकाकडे बाजूने गेलेला एक अग्निवीर. चाक फुटलं तर तुकडे बाजूलाच उडतात, म्हणून पुढून किंवा मागूनच जायचं. त्याने ही नोंद स्वतःहून लिहिली. कोणी त्याला ओरडलं नाही, आणि ते मी मुद्दाम पाहिलं. एकदा ओरडा बसला की वही कोरी राहते.

शेवटी उद्याची यादी. पहिलं काम गवताच्या टोळीची कानतपासणी. हवाईसैनिकाचा आलेख दरवर्षी निघतो, फायलीत राहतो. कंत्राटी मजूर दर हंगामाला बदलतो, त्याचं नाव फक्त मुकादमाच्या वहीत. मुकादमाला ती वही घेऊन सकाळी साडेसातला गेटवर बोलावलंय. प्रत्येकीच्या आलेखाच्या दोन प्रती निघतील. एक आमच्या फायलीत, दुसरी तिच्या हातात, म्हणजे पुढच्या हंगामात ती दुसऱ्या कंत्राटदाराकडे गेली तरी आलेख तिच्यासोबत जाईल.