लष्करी सेवा केलेल्या उमेदवारालाच ती सेवा प्रचारात कशी नडते?

जुलै २००४. बोस्टनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन सुरू होतं. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी मंचावर आले, सॅल्यूट ठोकला आणि 'ड्युटीवर हजर' असल्याचं सांगितलं. व्हिएतनाम युद्धात ते नौदलाच्या स्विफ्ट बोटीवर, म्हणजे नद्यांमध्ये गस्त घालणाऱ्या छोट्या बोटीवर होते. सिल्व्हर स्टार, ब्राँझ स्टार आणि जखमी सैनिकांना मिळणारं पर्पल हार्ट तीन वेळा, अशी पदकं त्यांच्या नावावर होती. विरोधात होते जॉर्ज बुश. ते त्या काळात टेक्सासच्या एअर नॅशनल गार्डमध्ये होते, व्हिएतनामला गेले नव्हते. हा मुद्दा केरींच्याच फायद्याचा, असं कुणालाही वाटलं असतं.

आठवडाभरात चित्र फिरलं.

'स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रुथ' या माजी सैनिकांच्या गटाने एक जाहिरात आणली. केरींनी पदकांबद्दल खोटं सांगितलं, असा तिचा सूर होता. हे बहुतेक जण केरींच्या बोटीवर कधीच नव्हते. बोटीवरचे बहुतेक सहकारी केरींच्या बाजूने उभे होते. गटाच्या रागाचं आणखी एक कारण होतं. युद्धातून परतल्यावर केरींनी १९७१ मध्ये सिनेटच्या समितीसमोर युद्धाविरुद्ध साक्ष दिली होती.

जाहिरातीचा खर्च सुरुवातीला जेमतेम ५ लाख डॉलर आणि ती दाखवली फक्त तीन राज्यांत. पण न्यूज चॅनेल्सनी ती चर्चेसाठी पुन्हा पुन्हा फुकटात चालवली. (व्हायरल व्हायला तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप लागत नव्हतं!) केरींनी ठोस उत्तर द्यायला दोन आठवडे लावले. पदकं देताना प्रक्रिया नीट पाळली गेली होती, असं नौदलाच्या इन्स्पेक्टर जनरलनी सप्टेंबरमध्ये स्पष्ट केलं. तोवर शंका घरोघरी पोचली होती.

बुश यांच्यावरही प्रश्न होतेच. १९७२ मध्ये ते अलाबामाला गेले, त्या काळातली त्यांची हजेरी नोंदींमध्ये नीट सापडत नव्हती. मग सप्टेंबरमध्ये सीबीएसने काही 'जुनी' कागदपत्रं दाखवली. ती अस्सल असल्याचं चॅनेलला सिद्ध करता आलं नाही, अँकर डॅन रॅदर यांना माफी मागावी लागली. झालं! हजेरीचा मूळ प्रश्न बाजूला पडला आणि चर्चा कागदांच्या टाइपफेसवर गेली. नोव्हेंबरमध्ये बुश जिंकले. 'स्विफ्टबोटिंग' हा शब्द मात्र अमेरिकी राजकारणात कायमचा राहिला.

२०२४ मध्ये पुन्हा तेच?

बरंचसं. उपराष्ट्राध्यक्षपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार टिम वॉल्झ यांनी आर्मी नॅशनल गार्डमध्ये २४ वर्षं काढली. आपली तुकडी इराकला जाणार म्हणून ते पळाले, असा आरोप प्रतिस्पर्धी जे. डी. व्हान्स यांनी केला. व्हान्स स्वतः मरीन कोअरमधून इराकला गेले होते, जनसंपर्काच्या कामावर.

तारखा काय सांगतात? वॉल्झ यांनी निवडणुकीचा अर्ज फेब्रुवारी २००५ मध्ये भरला. तुकडीला पाठवलं जाण्याची शक्यता मार्चमध्ये कळली. मे महिन्यात ते निवृत्त झाले आणि तुकडीला सज्जतेचा आदेश जुलैमध्ये आला. म्हणजे 'पळाले' हे तारखांवरून सिद्ध होत नाही, पण त्यांना काहीच कल्पना नव्हती असंही म्हणता येत नाही. शिवाय युद्धात कधी न गेलेल्या वॉल्झ यांनी 'मी युद्धात वापरलेली शस्त्रं' असा उल्लेख केला होता. ती बोलण्यातली चूक होती, असं प्रचारयंत्रणेने मान्य केलं. ही चूक त्यांची स्वतःचीच, विरोधकांनी रचलेली नव्हे.

आणि हो, स्विफ्ट बोट जाहिरातींवर काम केलेले ख्रिस लासिव्हिटा २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या प्रचाराचे सहव्यवस्थापक होते.

खोटं बोलणं गुन्हा नाही का?

सरसकट नाही. कॅलिफोर्नियातल्या एका जल मंडळाचे निवडून आलेले सदस्य झेव्हियर अल्वारेझ यांनी आपल्याला मेडल ऑफ ऑनर मिळाल्याची थाप मारली होती. त्यांच्याच खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. २०१३ च्या नव्या कायद्यानुसार अशी थाप पैसा किंवा तसाच ठोस लाभ उकळण्यासाठी मारली असेल, तरच गुन्हा होतो.